दोन्हीकडचे मास्तर

जगात भांडणं सगळेच करतात, पण आयुष्यभर स्वतःशीच भांडून शेवटी दोन्ही बाजूंनी हरलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या अगदी समोर राहत होता. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली आमची गल्ली अशी, की समोरच्या घरात मिरची तडतडली की आम्ही शिंकायचो आणि आमच्या टीव्हीवरच्या मालिकेत कुणी गेलं की समोरून हुंदका ऐकू यायचा. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच तुटलेला. पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात ते मागांवर आणि माणसांवर देखरेख करत, आणि आमच्याकडे कारखान्यातल्या अशा माणसाला मास्तर म्हणतात. मी खऱ्याखुऱ्या शाळेत कारकून, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणत. संध्याकाळी ते कामावरून परतत तेव्हा भुवयांवर, मिशीवर, कानांवरच्या केसांवर सुताचं पांढरं तूस बसलेलं असे. गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत ते सत्तरीचे दिसत आणि तोंडावर पाणी मारलं की पुन्हा पंचावन्नचे होत. रोज एकदा म्हातारं होऊन परत येणाऱ्या माणसाला आयुष्याची घाई नसावी असं वाटेल, पण मास्तरांइतका धास्तावलेला माणूस आमच्या पेठेत दुसरा नव्हता.

त्यांचं दुखणं एवढंच होतं की त्यांना प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू दिसे. तुम्हा-आम्हालाही ती दिसते, पण आपण तिच्याकडे काणाडोळा करतो आणि जेवायला बसतो. मास्तरांना ते जमत नसे. आमच्या गावात नळाला पाणी येतं ते सणासारखं, चार-पाच दिवसांतून एकदा, आणि सण म्हटला की भांडण आलंच. एकदा नंबरावरून दोन बायकांची जुंपली. दोघींनी मास्तरांना साक्षीला ओढलं. एकीच्या घरात बाळंतीण होती, दुसरीच्या घरात अंथरुणाला खिळलेला सासरा. मास्तरांनी दोघींचं ऐकून घेतलं, दोघींच्या घागरी स्वतःच्या हातांनी भरल्या, दोघींच्या घरी नेऊन पोचवल्या, आणि तेवढ्यात पाणी गेलं. त्यांच्या घरचा हंडा कोरडाच राहिला. मास्तरीणबाईंनी चार दिवस आमच्याकडून पाणी नेलं आणि नेताना प्रत्येक वेळी नवऱ्याबद्दल जे काही बोलल्या ते त्यांच्या घरच्या तेलुगूत होतं म्हणून बरं.

जेवणाचंही तसंच. त्यांची आई होती तोवर त्या घरात एका चुलीवर दोन स्वयंपाक होत. आई चिंचेची आंबट आमटी करी, बायको साधं वरण करी, आणि एकीचं दुसरीला चालत नसे. आई त्यांना त्या वयातही 'बिड्डा', म्हणजे लेकरा, अशीच हाक मारी. 'बिड्डा' ऐकू आलं की मास्तर आईच्या खाटेपाशी ताट घेऊन बसत आणि भात-आमटी संपवत. मग तासाभराने बायकोपुढे बसून पुन्हा भात-वरण. यात लपवाछपवी काही नव्हती. दोघींना सगळं ठाऊक होतं. प्रत्येकीचा आग्रह एवढाच असे की पोटभर जेवला तो माझ्याकडे, आणि मास्तर तसं दोघींनाही पटवून देत. शेवटी त्यांना साखरेचा विकार जडला. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या शेख डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. शेजारच्या काढेवाल्या वैद्यांना वाईट वाटू नये म्हणून मास्तर त्यांचा काढाही घेऊ लागले. पुढे रक्तदाब आला, पित्त आलं, दंडावर आणि मानेवर गांधी उठू लागल्या. शेख डॉक्टर पट्टा आवळून दाब मोजत आणि म्हणत, "मास्टर, तुमे टेन्शन भोत लेते."

"मी कुठं घेतो ओ डॉक्टर," मास्तर म्हणत, "लोकं माझ्याकडं ठेवायला देऊन जातात की."

हे ऐकून आम्ही हसायचो. त्यांच्या गांधींवरही हसायचो. आमची सौ. तर म्हणे, गल्लीत कुठं भांडण चाललंय हे बघायला खिडकीत जायला नको, मास्तर किती खाजवतायत ते बघितलं की कळतं.

सगळ्यात मजा आली ती एका उन्हाळ्यात. सोलापूरचा मे महिना, त्यात पत्र्याची शेड, त्यात माग चालू. कामगारांनी ठरवलं की पंखे आणि थंड पिण्याचं पाणी मिळालंच पाहिजे, मालकाला अर्ज द्यायचा. अर्ज लिहिणार कोण? मास्तरांचं अक्षर गोल आणि मराठी ठसठशीत. ते ओट्यावर बसले आणि त्यांनी असा अर्ज लिहिला की वाचून माझ्याच घशाला कोरड पडली. दुसऱ्या दिवशी, वडिलांनंतर कारखाना बघणाऱ्या धाकट्या मालकांनी तो वाचला, घाबरले, आणि त्यांनी मास्तरांनाच बोलावलं. "मास्तर, असली भाषा मला येत नाही. उत्तर तुम्हीच लिहा." झालं. मास्तर पुन्हा ओट्यावर. विजेचं बिल, सुताचा भाव, परत आलेला माल, वडिलांच्या मागे एकट्या पडलेल्या मुलाची ओढाताण, सगळं त्या उत्तरात असं उतरलं की कामगारांचा पुढारी डोळे पुसत म्हणाला, "मालकाचंबी खरंय की रे." पण पंखे तर हवेत, म्हणून त्या उत्तराला उत्तर लिहायला तो पुन्हा मास्तरांकडेच आला. तो सबंध महिना हा माणूस स्वतःशी पत्रव्यवहार करत होता. लिहिताना संतापून ते मध्येच थांबत, स्वतःचाच आधीचा कागद हातात धरून मला म्हणत, "बघा भाऊसाहेब, कसं लिवलंय! माणुसकी हाय का ह्या माणसाला?" शेवटी शेडमध्ये पंखे लागले, दारात पाण्याचे रांजण आले, दोन्ही पक्षांनी एकमेकांना पेढे दिले, आणि मास्तर पित्ताने आठवडाभर आडवे झाले.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "मास्तर, तुम्ही नक्की कुणाचे?" ते बराच वेळ मान खाजवत बसले. मग म्हणाले की त्यांचे वडील त्याच कारखान्यात मागावर होते आणि छातीच्या रोगाने लवकर गेले. थोरल्या मालकांनी या बापाविना पोराला स्वतःच्या घरी जेवू घातलं, काम शिकवलं, मास्तर केलं. थोरले मालक जाताना आपल्या मुलाचा हात मास्तरांच्या हातात देऊन म्हणाले होते, "ह्याला सांभाळ." आणि त्याच्याही कितीतरी आधी, खोकत खोकत, बाप म्हणाला होता, "कुठंबी जा, पण मागावरच्या माणसाच्या ताटात माती कालवू नको." 

"दोघांनाबी व्हय म्हणून बसलोय ओ," मास्तर म्हणाले. "आता दोघंबी नाहीत. सोडवून कुणाकडनं घेऊ?"

हे ते हसत म्हणाले होते. मीही हसलो होतो. पुढे जे झालं ते त्यांनी मला नंतर, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

कारखान्याला एक मोठी ऑर्डर आली. धाकटे मालक वाईट माणूस नव्हते, हे मास्तरांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मलाही आता ते खरं वाटतं. आजूबाजूचे दोन-तीन कारखाने बंद पडले होते, आणि ही ऑर्डर वेळेत गेली नाही तर आपलंही कुलूप लागेल अशी त्यांना भीती होती. मागाची मोटर आणि चाक यांच्यावर जो पट्टा फिरतो त्याच्यावर एक लोखंडी जाळी असते, कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून. पट्ट्यात सुताचा गुंता अडकला की माग थांबवायचा, बोल्ट काढायचे, जाळी उतरवायची, गुंता काढायचा, पुन्हा सगळं बसवायचं. मालक म्हणाले, जाळ्या काढून टाका.

"मालक, जाळी काढली तर कुणाचा तरी हात जाईल," मास्तर म्हणाले.

"आणि ऑर्डर गेली तर सगळ्यांचेच हात रिकामे होतील. मग घरोघर जाऊन तुम्ही सांगणार का?"

"थोरल्या मालकांनी कधी जाळीला हात लावू दिला नाही."

"वडिलांच्या वेळेला बाजार असा नव्हता, मास्तर. तुम्हाला माहीत आहे. एका महिन्याचा प्रश्न आहे."

शेडच्या मधोमध उभं राहून मास्तर त्यांच्याशी वाद घालत राहिले. माग चालू होते, त्यामुळे ओरडून. कामगार एकमेकांना खुणावून हसत होते, म्हातारा आज मालकाला सोडत नाही म्हणून. आणि मग नेहमीचं झालं. मास्तरांना दुसरी बाजू दिसली. कुलूप लागलेल्या फाटकासमोर उभी राहिलेली माणसं त्यांनी शेजारच्या कारखान्याबाहेर पाहिली होती. त्यांनी पिशवीतून पाना काढला. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. "करायचंच हाय तर माझ्या हातानं," ते म्हणाले, आणि एकेक करून सगळ्या जाळ्या त्यांनी स्वतः उतरवून भिंतीशी लावून ठेवल्या.

त्यानंतरचे मास्तर आम्हाला ओळखू येईनात. ते माणसाच्या तोंडाकडे बघून बोलेनासे झाले. हाताकडे बघून बोलत. मी चावी वाजवत बोलतोय तर ते माझ्या बोटांकडे टक लावून. कारखान्यात दिवसभर मागांच्या रांगांतून "हात सांभाळा रे, हात सांभाळा" म्हणत फिरत, आणि पोरं त्यांची नक्कल करत. आई तोवर गेली होती, त्यामुळे एकच जेवण उरलेलं, तेही ते अर्धं टाकून उठत. मानेवरच्या गांधी आता जातच नसत. शेख डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि विचारलं, "क्या चल रहा अंदर?" मास्तर म्हणाले, "अंदर दोघं भांडायलेत, डॉक्टर. एकाला तरी झोपवा." डॉक्टर हसले नाहीत. झोपेची गोळी दिली. त्या गोळीने मास्तरीणबाईंना झोप लागली असती, मास्तरांना लागली नाही.

महिना संपला. ऑर्डर गेली, तिच्या मागोमाग दुसरी आली. मास्तरांनी जाळ्यांची आठवण करून दिली की मालक म्हणत, "बसवू की मास्तर, एवढं होऊ दे." आणि एका दुपारी नागेश नावाच्या तरण्या कामगाराचा उजवा हात पट्ट्यात गेला. नागेशचा बाप आणि मास्तरांचे वडील शेजारशेजारच्या मागांवर काम केलेले. मास्तरांनीच त्याला कामाला लावलं होतं. हात वाचला, पण तीन बोटं गेली.

मास्तर त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा भुवयांवरचं तूस तसंच होतं आणि शर्टावर दुसरंच काही. तोंड न धुताच ते ओट्यावर बसले. माझी बायको पाणी घेऊन गेली. त्यांनी तांब्या हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला.

चौकशीला सरकारी साहेब येणार हे ठरल्यावर आमच्या गल्लीत दोन्हीकडची माणसं येऊ लागली. मालकांची गाडी आत शिरत नसल्यामुळे ते चालत आले. माझ्या दारातून सगळं ऐकू येत होतं. "मास्तर, एवढंच सांगा की जाळी नागेशनं स्वतःच काढली. त्याला मी वाऱ्यावर सोडणार नाही, शब्द देतो. पण माझ्यावर आलं तर कारखाना गेला." ते गेल्यावर कामगारांचा पुढारी आला. "मास्तर, मालकानं काढायला लावल्या, एवढंच सांगायचं. सगळ्यांदेखत झालंय की. तुमी खरं बोललात तर पुढं कुणाचा हात जाणार न्हाय." मास्तर दोघांसमोरही मान खाली घालून बसले होते. दोघांनाही त्यांनी चहा दिला.

साक्षीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. साहेबांनी विचारलं, जाळी कुणी काढली? मास्तर म्हणाले, "मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मालक समोर बसले होते आणि खिडकीबाहेर कामगार उभे होते.

"हात माझा, साहेब. पाना माझा," मास्तर म्हणाले. साहेबांनी पुन्हा विचारलं. मास्तरांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा साहेबांनी विचारलंच नाही.

मला वाटतं, त्या घटकेला मास्तरांना आपण मोठी तोड काढली असं वाटलं असणार. नागेशवर दोष आला नाही, त्याला भरपाई मिळाली. मालकांवर दोष आला नाही, थोडक्यात सुटले. दोन्ही घागरी भरल्या होत्या. पण मालकांना कागदोपत्री कुणावर तरी कारवाई दाखवणं भाग होतं. त्यांनी मास्तरांना कामावरून काढलं. निरोप द्यायला आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, असं मास्तरच सांगतात. आणि कामगारांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मालकाला वाचवायला म्हातारा खोटं बोलला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. एक दिवस नागेशची आई आमच्या गल्लीत आली आणि त्यांच्या दारासमोर उभी राहून तिने तेलुगूत जे बोलायला सुरुवात केली ते कळायला भाषा यायची गरज नव्हती. मास्तर बाहेर आले, तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. माझी बायको मध्ये पडायला निघाली तर म्हणाले, "राहू द्या वहिनी. त्यांचं बरोबर हाय."

"अहो, पण तुमचं काय चुकलं?" बायको रडवेली होऊन म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू एवढा सोपा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

कामाचा ताप गेला की दाब उतरेल, असं शेख डॉक्टर म्हणत होते. उतरला नाही. भांडायला आता आतले दोघंच उरले होते, आणि त्यांना दिवसभर मोकळीक होती. मास्तर नागेशच्या घरापर्यंत जात आणि दार न वाजवता परत येत. कधी वाजवत, पण उघडलं जात नसे. एका सकाळी चहाचा कप ओठाला नीट लागेना. तोंडाची एक बाजू ओघळली होती. दवाखान्यातून आल्यावर बोलणं जड झालं, आणि मग मुलगी येऊन त्यांना आणि मास्तरीणबाईंना अकलूजला आपल्या घरी घेऊन गेली. सामान चढवताना मास्तर रिक्षात बसून होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "हवापालट होईल, मास्तर." ते एका बाजूने हसले. आता त्यांना तेवढंच हसता येत होतं.

पुढच्या वर्षी शाळेच्या कामानिमित्त मी अकलूजला गेलो आणि त्यांना भेटलो. घराच्या मागे उसाचं शेत होतं, आणि मास्तर दारात खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसले होते. भुवया खरोखरच पांढऱ्या झाल्या होत्या. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की शब्द फुटायला वेळ लागला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आता एकदाच जेवतात, तेबी मी हातात घास दिला तर." मास्तरांनी गल्लीतल्या एकेकाची चौकशी केली. नळाला पाणी येतं का विचारलं. मग म्हणाले, "नागेशचं काय चाललंय?"

मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "बरं चाललंय."

ते उसाकडे बघत हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे बोलले, "भाऊसाहेब, लोकं म्हणतात मास्तर साक्षीला चुकला. साक्ष त्या दिवशी नव्हती ओ. साक्ष पाना काढला त्या दिवशी हुती. तवा मी नुसतं न्हाय म्हणून खाली बसायला पायजे हुतं. जाळ्या काढल्या असत्या तर दुसऱ्या कुणी काढल्या असत्या. पण मला माझ्यासंगं ऱ्हाता आलं असतं."

मी उठलो, संध्याकाळची एसटी होती. त्यांनी माझं मनगट धरलं. "जाऊ नका. आज ऱ्हावा." इतक्या वर्षांत या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि मागून झाल्यावर ते लगेच ओशाळले. "तुमची शाळा असंल उद्या. वहिनी वाट बघत असतील. बरोबर हाय तुमचं बी." मी घरी फोन करून टाकला आणि राहिलो. त्या संध्याकाळी आम्ही काहीच महत्त्वाचं बोललो नाही. त्यांनी मला त्यांच्या आईच्या आमटीत चिंच किती आणि गूळ किती हे सांगितलं, मुलीने तशी आमटी करून वाढली, आणि ते माझ्याबरोबर पोटभर जेवले.

दिवाळीनंतर मुलीचा फोन आला. मास्तर झोपेतच गेले होते.

नागेशला कळवावं असं मला फार वाटलं. शोधायला वेळ लागला नाही. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचा टॉवेलांचा गाडा असतो. उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी तो टॉवेल इतका चटकन घडी घालतो की बघणाऱ्याला आधी काही कळतच नाही. मी ओळख सांगितली आणि मास्तर गेल्याचं सांगितलं. तो हातातल्या टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घालू लागला. मी जायला वळलो तेव्हा म्हणाला, "काका, थांबा जरा."

मग गाड्यामागच्या स्टुलावर मला बसवून, रस्त्याकडे बघत तो बोलला. "मास्तरांनी जाळ्या परत बसवल्या हुत्या. एका रविवारी एकटे आले हुते, मालकाला न विचारता. सोमवारी आमी आलो तर सगळ्या मागांना जाळ्या. आमचा पगार मालावर, काका. माग थांबला की आमचं बी थांबतंय. मंगळवारी मी माझी जाळी काढली. मास्तर जेवायला गेले हुते तवा. मीच काढली."

मी विचारलं, "मास्तरांना माहीत होतं?"

"ते आले तवा मी पाना ठेवत हुतो. त्यांनी बघितलं. काय बोलले न्हाईत. जाळी उचलली आन परत बसवायला लागले, तर आमी सगळे हसलो. म्हणालो, मास्तर, ऑर्डर तुमच्या घरी न्यायची का? मग त्यांनी ती ठेवून दिली. दोन दिवसांनी..." त्याने हात थोडासा वर केला आणि खाली ठेवला. "मालक म्हणत हुते ते खोटं नव्हतं. मास्तरांनी मालकाला व्हय म्हटलं असतं तर मला काय मिळालं नसतं. आई त्यांच्या दारात गेली त्या दिवशी मी घरात हुतो. मला सांगता आलं असतं तिला. मग ते आमच्याकडं यायचे. आई दार उघडायची न्हाय. मी आत बसून त्यांची चप्पल ऐकायचो."

काही वेळाने त्याने विचारलं, "शेवटी माझ्याबद्दल काय म्हणाले का?"

"तुझी चौकशी केली होती. काय चाललंय म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, बरं चाललंय."

त्याने मान हलवली. एक बाई गाड्याशी थांबली होती. तिने एक टॉवेल उलगडला, पालथा करून पाहिला, गालाला लावून पाहिला, आणि विचारलं, "पाणी पितोय का नीट?"

नागेशने डाव्या हाताच्या बाहीने तोंड पुसलं. "नवा हाय तवर न्हाय पीत, मावशी," तो म्हणाला. "दोन-चार धुणी होऊ द्या."